टबाच्या बदल्यात मोबाईल देण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात येतात, घरात नवा मोबाईल येतो आणि जुना कपाटाच्या खणात जातो. त्यानंतर वाचक विचारतात ते प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. व्हॉट्सअॅप बंद पडले म्हणजे फोन संपला का? सिम नसलेल्या फोनचे करायचे काय? दुकानदार पाच-सातशे रुपये देतो म्हणतो, देऊन टाकावा का? आणि ‘जुने-फुटके मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या’ अशी रेकॉर्ड वाजवत गल्लीत मोटारसायकल येते, तिच्यावरच्या माणसाला दिला तर बिघडले कुठे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकायला हवे: बरेच बिघडते. त्याची हकीकत पुढे आहे. पण फोन घराबाहेर काढण्याआधी त्याला घरातच काही काम देता येते का, हे पाहा. नांदेड-लातूरकडच्या घरांत ही कामे पुण्या-मुंबईच्या याद्यांपेक्षा वेगळी निघतात. इथे किल्लारीच्या भूकंपाची आठवण आहे, मृगाच्या तोंडावर वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात, आखाड्यावर सालगडी एकटा रात्र काढतो आणि लातूरच्या भाड्याच्या खोल्यांत बाहेरगावची पोरे नीटचा अभ्यास करत असतात.

आधी फोन तपासा

‘फोन जुना झाला’ म्हणजे तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. बॅटरी थकलेली असते, कंपनीने सॉफ्टवेअरचे अपडेट बंद केलेले असतात किंवा नेटवर्क पुढे निघून गेलेले असते. यातले नेमके काय झाले आहे, ते कळले की अर्धा निर्णय झाला.

- बॅटरी: फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि बोटाने फिरवा. तो गरगर फिरला, डुगडुगला किंवा स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. असा फोन पुन्हा चार्जिंगला लावू नका. त्याचे काय करायचे, ते लेखाच्या शेवटच्या भागात पाहा.
- सॉफ्टवेअर: सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख दिसते. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअॅपला किमान अँड्रॉइड ५ लागते. आयफोनसाठी ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ ही किमान अट आहे, त्यामुळे आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस बाद झाले.
- नेटवर्क: फक्त ३जीपर्यंत चालणाऱ्या फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण जिओकडे २जी-३जी नाहीच. एअरटेलने ३जी बंद केल्यामुळे अशा फोनवर त्यांचे इंटरनेट २जीच्या गतीने रांगते. मात्र वायफायवर किंवा दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर हाच फोन व्यवस्थित चालतो.

सिक्युरिटी पॅच दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर एक रेघ पक्की ओढून घ्या: त्या फोनवर यूपीआय नाही, बँकेचे अॅप नाही आणि ज्या ईमेलवर बँकेचे निरोप येतात तो ईमेलही नाही. त्यात सापडलेल्या त्रुटी आता कोणी बुजवत नाही. ‘फक्त दूधवाल्याला पैसे पाठवायला’ म्हणून ठेवलेला जुना फोनही या नियमात येतो.

एका फोनला एकच काम

घरोघरी एक चूक होते. जुना फोन ‘असू द्या, कशालाही उपयोगी पडेल’ म्हणून ठेवला जातो आणि शेवटी पोरांच्या रील्स बघण्याच्या कामी येतो. त्यापेक्षा त्याला एक काम, एक जागा आणि एक चार्जर ठरवून द्या. फॅक्टरी रीसेट करा, त्याच्यासाठी गूगलचे वेगळे खाते उघडा, त्या खात्यात घरातले संपर्क आणि फोटो येऊ देऊ नका आणि कामाचे तेवढेच अॅप टाका. थकलेला फोन दहा अॅप ओढू शकत नाही. एक मात्र तो वर्षानुवर्षे ओढतो.

जगात असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले आहेत. रेनफॉरेस्ट कनेक्शन नावाच्या संस्थेने जुने फोन सौरपट्ट्यांसह जंगलातल्या झाडांवर बसवले आणि करवतीचा आवाज टिपून चोरटी वृक्षतोड पकडायला मदत केली. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जुने फोन जोडून छोटे डेटा सेंटरच उभे केले. आपल्याला एवढे करायचे नाही. पण सूत्र तेच आहे.

भूकंप आणि वीज: आखाड्यावरचा राखणदार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. जवळपास दहा हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली कितीतरी गावे नव्या जागी वसवावी लागली. अलीकडची गोष्ट घ्यायची तर २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि नांदेडमध्ये लोक घराबाहेर आले. हे सांगायचे कारण असे, की अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा इशारा देणारी सोय आहे. २७ सप्टेंबर २०२३ ला गूगलने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून ती भारतात आणली. अँड्रॉइड ५ आणि त्यापुढच्या फोनवर ती चालते.

यात जुन्या फोनला दुहेरी काम मिळते. स्क्रीन आडवी-उभी फिरवण्यासाठी फोनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. फोन चार्जरला लावून एका जागी स्थिर ठेवलेला असेल तर तोच सेन्सर जमिनीचा पहिला, हलका धक्का टिपतो. एकाच भागातल्या अनेक फोनांकडून अशी खूण आली की यंत्रणा पुढच्या गावांना इशारा पाठवते. म्हणजे कपाटात बंद पडलेला फोन चार्जरवर टेबलावर आला, तर तो इशारा घेणाराही होतो आणि देणाराही.

मात्र अपेक्षा माफक ठेवा. इमारतींना हादरवणाऱ्या लाटा साधारण सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने धावतात. किल्लारी ते लातूर अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरले तर सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद हातात येतात, आणि त्यातलेही काही इशारा तयार होण्यातच जातात. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्या गावाला वेळ मिळेलच असे नाही. पण मजबूत पलंगाखाली किंवा टेबलाखाली शिरायला, मांडणीपासून आणि काचांपासून दूर व्हायला पाच सेकंदही पुरतात. इशारा दोन प्रकारचा असतो. हलक्या हादऱ्यासाठी साधी सूचना येते. जोरदार हादऱ्याची शक्यता असेल तर फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असला तरी मोठ्याने वाजतो. ४.५ पेक्षा कमी तीव्रतेच्या धक्क्यांसाठी इशारा येत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्यासाठी लोकेशन आणि इंटरनेट चालू हवे. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ या भागात ‘भूकंपाचे इशारे’ हे बटण असते. जुन्या आवृत्त्यांत ते ‘लोकेशन’च्या आत सापडते.

विजेसाठी ‘दामिनी’ अॅप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगते. याचा खरा उपयोग घरात नाही, आखाड्यावर आहे. शेतात काम करणाऱ्याचा फोन खिशात, धुडक्यात गुंडाळलेला किंवा झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो. त्यापेक्षा आखाड्यावर स्वस्त डेटा पॅकचे सिम टाकलेला जुना फोन मोठ्या आवाजावर ठेवा आणि सालगड्याला एवढेच सांगून ठेवा, की तो वाजला की बैल सोडून झाडाखालून पक्क्या छपराखाली यायचे. प्रत्यक्ष कडकडाट सुरू झाला की मात्र फोन चार्जरवरून काढा. वायरमधून येणारा दाब फोनसकट त्याला हात लावणाऱ्यालाही घातक ठरतो. हवामान खात्याचे ‘मेघदूत’ अॅपही याच फोनवर बसते. त्यावर जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

एक जुनी सोय लोक विसरले आहेत: एफएम रेडिओ. आता नव्या फोनांतून ती गायब होत चालली आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारला ‘रेडिओ बंद करू नका’ असे मोबाईल कंपन्यांना सांगावे लागले. तुमच्या जुन्या फोनमध्ये ती बहुधा असेल. इअरफोनची वायर खोचा, तीच अँटेना होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाणी शिरले तसा प्रसंग आला आणि टॉवरची वीज गेली, तर इंटरनेट नसतानाही आकाशवाणीच्या बातम्या ऐकू येतात.

शेतातली आणखी दोन कामे, आणि एक न करायचे

किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात रानडुकरे आणि रोही हाती आलेले पीक आडवे करतात. कुत्र्याचे भुंकणे, फटाके, माणसांची आरडाओरड यांचे आवाज मेमरी कार्डवर भरून जुना फोन मोठ्या स्पीकरला जोडणे हा स्वस्त उपाय आहे. त्याची मर्यादा अशी, की जनावरे रोजचा तोच आवाज ओळखतात आणि आठवड्याभरात त्याला भीक घालत नाहीत. आवाज, वेळ आणि स्पीकरची जागा बदलत राहा. कुंपणात वीज सोडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. त्या तारांनी दरवर्षी माणसे मरतात आणि मालकावर गुन्हा दाखल होतो.

दुसरे काम रानाच्या मोजमापाचे. जीपीएसवर क्षेत्र मोजणारी अॅप सिमशिवायही चालतात. पेरणीचे, फवारणीचे किंवा नांगरटीचे पैसे एकरावर ठरवताना त्यांचा अंदाज कामी येतो. परंतु मोबाईलचे जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे होते, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. बांधावरून भावकीत वाद असेल तर अशा मोजणीचा कागद पुढे करू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणीच लागते.

न करायचे काम म्हणजे मोटारीच्या स्टार्टरला जुना फोन बांधून ‘मिस्ड कॉलवर पंप सुरू’ करण्याचा जुगाड. उघड्या तारा, ओला हात आणि रात्रीची लाईट यांची गाठ पडते. शिवाय लाईट येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपी जळते, म्हणून महावितरण ऑटोस्विच वापरू नका असे सांगत आले आहे.

लातूरच्या खोलीतला अभ्यासाचा फोन

नीट किंवा जेईईसाठी मुलाला लातूरला किंवा नांदेडला ठेवणाऱ्या आईवडिलांचा पेच ठरलेला असतो. फोन दिला तर अभ्यास जातो, न दिला तर व्हिडिओ, जुन्या प्रश्नपत्रिका आणि शंका राहतात. यावर उत्तर असे: बोलण्यासाठी साधा बटणांचा फोन, आणि अभ्यासासाठी घरातला जुना, सिम नसलेला स्मार्टफोन.

तो असा तयार करा:

1. फॅक्टरी रीसेट करून नवे खाते उघडा आणि गूगल फॅमिली लिंकमधून ते पालकांच्या फोनला जोडा. म्हणजे अॅप टाकायला तुमची परवानगी लागेल.
2. एनसीईआरटीची पुस्तके, बालभारतीच्या ई-पुस्तकांच्या पीडीएफ आणि मागच्या प्रश्नपत्रिका घरच्या वायफायवर उतरवून मेमरी कार्डात भरा.
3. व्याख्यानांचे व्हिडिओ आठवड्यातून एकदा उतरवून घ्या. ‘दीक्षा’ अॅपमध्येही धडे उतरवून ठेवता येतात.
4. सेटिंग्जमधले ‘अॅप पिनिंग’ चालू करा. एकदा अॅप पिन केले की पासवर्डशिवाय दुसरे अॅप उघडत नाही.

मुलाला हा बंदोबस्त न सांगता लादू नका. सतरा वर्षांच्या पोराला अॅप पिनिंगची पळवाट तुमच्याआधी सापडते. त्याच्याशी बोलून ठरवलेला फोन टिकतो.

घर, दुकान, गोठा: कॅमेरा म्हणून

अल्फ्रेड कॅमेरासारख्या अॅपमुळे जुना फोन पाळतीचा कॅमेरा होतो आणि नव्या फोनवर त्याचे चित्र दिसते. दुकानाचा गल्ला, विण्याच्या बेतात असलेली म्हैस, पाळण्यातले बाळ, एकटे राहणारे वडील अशा ठिकाणी हे सोयीचे पडते. सतत चालू ठेवण्याऐवजी ‘हालचाल दिसली तरच रेकॉर्ड’ हा पर्याय निवडा. डेटा आणि बॅटरी दोन्ही वाचतात.

इथे कायद्याची एक सीमा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीविना टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बाईला खासगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरते. वसतिगृहचालक, घरमालक आणि दुकानदार यांनी न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा आणि भाडेकरूची खोली यांच्याकडे कॅमेऱ्याचे तोंड होणार नाही याची खात्री करावी. कामावरच्या माणसांना कॅमेरा असल्याचे सांगावे आणि तशी पाटी लावावी.

आजी-आजोबांसाठी

हे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. मेमरी कार्डात हरिपाठ, कीर्तने आणि जुनी गाणी भरा, पडद्यावर एकच मोठे चिन्ह ठेवा, अक्षरे मोठी करा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ समोरच्याचे बोलणे लगोलग मराठीत लिहून दाखवते. गोंगाटात चुका करते, पण औषधाची वेळ आणि डॉक्टरांचे सांगणे समजण्यापुरते बरे चालते. बारीक अक्षरांची औषधाची चिठ्ठी वाचायला कॅमेऱ्याचे झूम म्हणजे भिंगच.

या फोनवर व्हॉट्सअॅप मात्र सिमशिवाय चालवण्याच्या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अॅपना खाते चालू सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचे निर्देश दिले आहेत.

उन्हाळा आणि चार्जर

नांदेड-लातूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून चढतो. मोबाईल साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. चोवीस तास चार्जरवर असलेला जुना फोन पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात, गादीवर किंवा कडब्याजवळ ठेवला तर आगीचा धोका खरा आहे. फोनचे कव्हर काढा, तो फरशीवर किंवा भिंतीच्या सावलीत ठेवा, मूळ किंवा चांगल्या कंपनीचा चार्जर वापरा आणि टायमरवाला प्लग लावून दिवसातून ठरावीक तासच चार्ज होऊ द्या. काही फोनांत चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करा. हात लावून पाहण्याची सवय ठेवा. फोन चटका देण्याइतका तापला तर त्या जागेवरून हलवा.

बॅटरी बदलणे बहुतेक वेळा परवडते. लातूरच्या गंजगोलाईच्या भोवती किंवा नांदेडच्या वजिराबादेत मोबाईल दुरुस्तीची दुकाने भरपूर आहेत. पण पावतीवर सुट्या भागाचे नाव आणि हमीचा काळ लिहून घ्या, काढलेली बॅटरी परत मागा आणि दुरुस्तीला देण्याआधी फोन रीसेट करा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आहे. त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि हमी यांची माहिती मिळते.

विकायचा असेल तर

आता त्या टबाची गोष्ट. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात, गोदावरीखनी इथे ऑगस्ट २०२४ मध्ये पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडले. त्यांच्याकडे सुमारे चार हजार जुने फोन सापडले. प्लास्टिकच्या वस्तूंच्या बदल्यात गावोगावी गोळा केलेले हे फोन झारखंडकडच्या सायबर भामट्यांना पोचवले जाणार होते, असे तपासात पुढे आले. भामट्यांना त्यातून दोन गोष्टी मिळतात. एक, कोणाच्या तरी नावावर वापरात राहिलेला आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनची ओळख. दुसरी, नीट न पुसलेले फोटो, संपर्क आणि कागदपत्रे. उद्या त्या फोनवरून कोणाची फसवणूक झाली तर तपासाची पहिली पायरी तुमच्या दारात येऊ शकते. टब देणारा पावती देत नाही. प्रत्येक फेरीवाला चोर असतो असे मुळीच नाही, पण फोन कोणाला दिला हे तुम्हाला दाखवता येत नाही.

म्हणून फोन द्यायचा तो पावती देणाऱ्या दुकानदाराला, नव्या फोनच्या एक्स्चेंजमध्ये किंवा ओळखीच्या माणसाला. ओळखीच्या माणसाकडूनही चिठ्ठी घ्या: तारीख, आयएमईआय, रक्कम, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत. आयएमईआय पाहण्यासाठी *#०६# दाबा.

देण्याआधीचा क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला की फोन अडतो:

1. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप नव्या फोनवर उतरवून तपासा.
2. यूपीआय अॅपमध्ये जाऊन त्या फोनवरची नोंदणी रद्द करा. नुसते अॅप काढून टाकणे पुरेसे नाही.
3. सिम आणि मेमरी कार्ड काढा. ई-सिम असेल तर ते पुसा.
4. सेटिंग्जमधून गूगल खाते काढा. हे रीसेटच्या आधी करायचे. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरोधी कुलूप असते, खाते न काढता रीसेट केले तर पुढचा माणूस तुमचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करा.
5. मग फॅक्टरी रीसेट. मजकूर सांकेतिक स्वरूपात साठवला जातो की नाही याची शंका वाटली, तर सुरक्षा सेटिंग्जमध्ये ‘एन्क्रिप्शन’ चालू करून मगच रीसेट करा.

टचस्क्रीन मेली पण चित्र दिसते, अशा फोनला ओटीजी वायरने माउस जोडा. बाण दिसतो आणि वरची सगळी कामे होतात. चित्रच दिसत नसेल आणि फोन इंटरनेटला जोडलेला असेल तर गूगलच्या ‘फाइंड’ सेवेतून दुसऱ्या फोनवरून तो पुसता येतो.

जुना फोन घेणाऱ्यांसाठी

तुम्ही विकणारे नसून घेणारे असाल, तर पैसे देण्याआधी इंग्रजी अक्षरांत के-वाय-एम लिहा, एक जागा सोडा, पंधरा अंकी आयएमईआय लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोनचा मेक-मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे का, हे कळते. ‘संचार साथी’ पोर्टल आणि अॅपवरही हीच तपासणी होते. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसते, आणि अनोळखी सिमची तक्रार करता येते. आयएमईआय बदलून देणारा दुकानदार भेटला तर तिथून निघा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकते.

‘रिफर्बिश्ड’ म्हणून घेतलेला फोन दहा दिवसांत बंद पडला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, मग विक्रेता बंगळुरूचा का असेना. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही. बिल मात्र हवेच. जुन्या फोनमधून पैशांची फसवणूक झाली असेल तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

खरोखरच संपलेला फोन

फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका, दाबू नका, पाण्यात टाकू नका. फोन बंद करा, कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. नेताना तो उन्हातल्या गाडीत किंवा स्कूटीच्या डिक्कीत सोडून जाऊ नका.

बाकी मेलेल्या फोनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आहेत. त्यांनुसार विकलेल्या वस्तूंच्या प्रमाणात ई-कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण करून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या संकेतस्थळावर संकलन केंद्रांची यादी देतात किंवा सेवा केंद्रात जुना फोन स्वीकारतात. तिथे ‘आम्ही घेत नाही’ असे उत्तर मिळाले तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून जवळचे केंद्र लेखी विचारा. तो फोन घंटागाडीत ओल्या कचऱ्याबरोबर टाकू नका. दाबाखाली बॅटरी फुटून गाडी पेटू शकते. भंगारात दिला तर त्यातले तांबे-सोने काढण्यासाठी सर्किट जाळले जाते किंवा आम्लात बुडवले जाते, आणि तो धूर जाळणाऱ्या माणसाच्याच छातीत जातो. घरात चार-पाच मेलेले फोन, चार्जर आणि इअरफोन साठले असतील तर ते एकाच पिशवीत ठेवा आणि छत्रपती संभाजीनगरला, हैदराबादला किंवा पुण्याला कोणी जाणार असेल तेव्हा संकलन केंद्राचा पत्ता देऊन पाठवा. देताना आयएमईआय लिहिलेली पोच मागायला सांगा.